बोटीवर निघालात? कारखान्यातल्या या सवयी नाशिकलाच ठेवून जा

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत दोन-चार वर्षं काढून बोटीवर चढलेल्या फिटरला काम शिकवावं लागत नाही. बेअरिंग कसं खेचायचं, वेल्डिंग कुठे कच्चं राहिलंय, हे तो बघता क्षणी ओळखतो. त्रास होतो तो सवयींचा. कारखान्यात 'चालतंय की' म्हणून बरंच खपून जातं, कारण पाठीशी उघडं शटर असतं, जवळ दवाखाना असतो, फोन केला की वायरमन येतो. बोटीवर यातलं काही नाही. बहुतेक मालवाहू जहाजांवर डॉक्टरही नसतो, औषधोपचार सेकंड ऑफिसर बघतो. जीपी रेटिंग (खलाशी होण्याआधीचं प्रशिक्षण) करून थेट डेकवर जाणाऱ्या मुलांनाही पुढचं बरंच लागू पडेल, पण मी इंजिन रूमचा माणूस, त्यामुळे माप तिकडे झुकणारच.

टाकीत डोकं घालण्याआधी

सगळ्यात जास्त जागा या चुकीला देतोय, कारण यात एकटादुकटा जात नाही, एकामागोमाग दोघं-तिघं जातात. 'बंद जागा' म्हटलं की नव्या माणसाला तेलाची टाकी आठवते. पण बॅलास्ट टँक (तोल राखायला पाणी भरायची टाकी), कॉफरडॅम (दोन टाक्यांमधली रिकामी पोकळी), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची खोली), कोळशाच्या होल्डला (माल भरायच्या कप्प्याला) लागून असलेली जिन्याची कोंदट खोली, हे सगळं त्यातच येतं. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. कित्येक महिने झाकण न उघडलेल्या रिकाम्या टाकीत विषारी वायूचा टिपूसही नसला, तरी माणूस आडवा व्हायला तेवढा गंज पुरतो. कोळसा, लाकूड, लोखंडी भंगार हा मालही गुपचूप हेच करत असतो.

निफाड-सिन्नरकडच्या मुलांना हे फोड करून सांगायची गरज पडू नये. जुन्या विहिरीतला गाळ काढायला एक जण उतरतो, हाकेला ओ देत नाही, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. बोटीवर हुबेहूब हेच घडतं, फक्त विहिरीच्या जागी टाकी असते. मात्र दोराला कंदील बांधून आधी खाली सोडायचा आणि विझला तर उतरायचं नाही, ही विहिरीवरची जुनी युक्ती तिकडे नेऊ नका. ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर, तोवर माणसाचा तोल आणि विचार दोन्ही ढळायला लागलेले असतात. जीव घेण्याइतक्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये ज्योत मजेत जळत राहते. आणि टाकीत तेलाची वाफ असेल तर कंदिलाने काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मोजायला मीटर असतो. सोलास (समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांनुसार १ जुलै २०१६ पासून वायू मोजण्याचं हातातलं यंत्र जहाजावर असणं सक्तीचं आहे. चुका होतात त्या वापरताना. झाकणाच्या तोंडाशी मीटर धरून 'ओके' म्हणणं ही सर्वांत मोठी. नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी असं तिन्ही ठिकाणी मोजायचं. नळी जितकी लांब तितका वेळ थांबायचं, नाहीतर तुम्ही नळीतलीच हवा मोजत बसता. दुसरी चूक जरा खोल आहे. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून मोजतो, त्याला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत तो आकडा कमी दाखवतो. म्हणून आधी ऑक्सिजन वाचायचा, तो ठीक असेल तरच एलईएलच्या (वायू पेट घेऊ शकेल त्या किमान प्रमाणाच्या टक्केवारीच्या) आकड्यावर विश्वास ठेवायचा. आत जायचं तर तोही १ टक्क्याच्या खाली हवा.

"१९.५ च्या वर आहे ना, मग चला," हे वाक्य तर हमखास कानावर पडतं. १९.५ ला मीटर ओरडतो, म्हणून त्याच्या वर सगळं सुरक्षित, असा हिशेब लावला जातो. स्वच्छ हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो नुसता ०.१ ने उतरायचा तर दुसरा कुठला तरी वायू हवेत जवळपास ०.५ टक्के, म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाखांत पाच हजार भाग) शिरलेला असू शकतो. हायड्रोजन सल्फाइडचे काही शे पीपीएम माणसाला संपवायला पुरतात, आणि १०० च्या वर गेला की त्याचा वासही कळेनासा होतो. आकडा २०.९ पेक्षा कमी आला, तर तो का कमी आला हे आधी शोधायचं. पंखा लावून हवा खेळवायची, पंखा बंद करून थोडं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं.

मीटर उघड्या डेकवरच २०.९ दाखवत नसेल तर? धुराडं आणि टाक्यांच्या व्हेंटपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला जाऊन ताज्या हवेत झीरो करा. मग सिलिंडरमधला टेस्ट गॅस देऊन बघा. तरीही आकडा हलत नसेल तर त्या मीटरवर काम करायचं नाही, दुसरा मागायचा. थोबाडीत मारल्यासारखा टपली मारून चालू केलेला मीटर मी कुणाच्या हातात राहू दिलेला नाही.

आणि आत कुणी पडलेला दिसलाच, तर उतरायचं नाही. हे अवघड आहे, कारण आत तुमच्याच केबिनमधला माणूस असतो. अलार्म द्यायचा, ब्रिजला (जहाज चालवतात तिथे) कळवायचं, बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला मास्क) घातलेली टीम येईपर्यंत तोंडाशी थांबून हवा सोडत राहायची. घाईत हाताला लागतो तो ईईबीडी, म्हणजे सुटकेपुरती हवा देणारा छोटा संच. तो पळून बाहेर यायला असतो, त्यात दहा-पंधरा मिनिटांची हवा असते. तो घालून आत गेलात तर बाहेर काढायला माणसं दोन होतील. फिल्टरचा मास्कही इथे कामाचा नाही, तो वायू गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही. बंद जागेतून सुटकेचा ड्रिल दर दोन महिन्यांनी घ्यावा लागतो. तो नुसता सही करायचा कार्यक्रम होऊ देऊ नका.

बंद असलेला पंप

कारखान्यात मशीन बंद म्हणजे बंद. बटण दाबणारा माणूस समोर उभा असतो. इंजिन रूममध्ये महत्त्वाचे पंप जोडीने असतात, आणि चालू पंपाचा दाब उतरला की स्टँडबाय पंप आपोआप सुरू होतो. तुम्ही स्टँडबायचं कपलिंग उघडून बसलात आणि पलीकडचा पंप दमला, तर हा तुमच्या हातात फिरायला लागेल. त्यात तो कंट्रोल रूममधूनही सुरू करता येतो, आणि तिथे बसलेल्याला तुम्ही दिसत नाही.

म्हणून क्रम असा: स्विच ऑटोवरून काढा, ब्रेकर पाडा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. नुसती पाटी अडकवून काम धरणं ही कारखान्यातली सवय आहे. मग सक्शन आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद, ड्रेन उघडा, गेज शून्यावर. शेवटी स्टार्टचं बटण दाबून पंप खरंच सुरू होत नाही ना ते बघा, आणि मगच पाना लावा. गेजवर आंधळा विश्वास नको, अडकलेला काटाही शून्यच दाखवतो. हेवी फ्युएलच्या (जहाजाच्या इंजिनाच्या जाड इंधन तेलाच्या) लाइनवर तर दुप्पट सबुरी हवी. इंजिनपाशी ते तेल १३० अंशांच्या पुढे तापलेलं असतं.

यालाच लागून एक आळस येतो. एक्झॉस्टचं काम झालं, लॅगिंग (गरम पाइपवरचं उष्णतारोधक आवरण) परत बसवायला कंटाळा आला, 'उद्या बघू'. तापमान २२० अंशांच्या वर जाणारा आणि तेल उडू शकेल अशा जागचा पृष्ठभाग झाकलेलाच हवा, असा सोलासचा नियम आहे. फुटलेल्या फ्युएल पाइपचा फवारा उघड्या एक्झॉस्टवर पडला की इंजिन रूमला आग लागते. इंजिन रूममधल्या कितीतरी आगींची गोष्ट एवढीच असते. काम 'झालं' हे लॅगिंग बसल्यावर म्हणायचं.

रीफरचा प्लग

पिंपळगावची द्राक्षं न्हावा शेवाहून ज्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून युरोपला जातात, त्याच कंटेनरवर नाशिकचा एखादा इलेक्ट्रिशियन रात्री टॉर्च घेऊन तापमान तपासत असतो. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. प्रवास लांबला, तशा या तपासणीच्या फेऱ्याही वाढल्या. या सॉकेटमध्ये ४४० व्होल्टपर्यंत वीज असते. चालू प्लग ओढून काढणं ही इथली ठरलेली चूक. आधी कंटेनरचा स्विच, मग सॉकेटचा ब्रेकर, मग प्लग. पिन काळ्या पडल्या असतील किंवा प्लगमध्ये खारं पाणी असेल, तर पुसून परत लावू नका, बदला.

जीव वाचवणारं सामान, चुकीचं बांधलेलं

लाइफराफ्टच्या (डब्यात मिटून ठेवलेल्या, फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याच्या) पाळण्यापाशी जाऊन एकदा नीट बघा. हायड्रोस्टॅटिक रिलीज नावाचा एक छोटा डबा असतो, त्यात स्प्रिंग आणि सुरी. जहाज बुडालं की चार मीटर खोलीच्या आत पाण्याच्या दाबाने सुरी दोर कापते आणि राफ्ट वर तरंगतो. त्याचा पेंटर, म्हणजे राफ्टला जहाजाशी जोडणारा दोर, ताणला जातो, राफ्ट फुगतो, आणि शेवटी लाल वीक लिंक (मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा) तुटून राफ्ट जहाजापासून सुटतो. आता कुणी पेंटर वीक लिंकऐवजी थेट डेकच्या पक्क्या कडीला बांधला, तर फुगलेला राफ्ट जहाजासोबत तळाला जाईल. कुठेच बांधला नाही, तर राफ्ट न फुगता डब्यासकट वाहून जाईल. वादळात हलू नये म्हणून बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) वरून जादा दोर आवळला असेल, तर सुरीने कापायचा तो दोर कापूनही काही होणार नाही. वापरून टाकायच्या प्रकारचं रिलीज दोन वर्षांनी बदलायचं असतं. महिना आणि वर्ष त्याच्यावर पंच केलेलं असतं. त्यावर रंग मारलेला दिसला तर चीफ ऑफिसरला सांगा, लाजू नका.

इमर्शन सूटची (थंड पाण्यात जीव वाचवणाऱ्या अंगभर पोशाखाची) चेन हे दुसरं दुखणं. सूट चेन पूर्ण उघडी ठेवूनच पिशवीत घालायचा आणि चेनला मेण लावायचं. ग्रीस नको, त्याने कापड आणि रबर खराब होतं. चेन अडकत असेल तर पकडीने ओढू नका. दोन मिनिटांत कुणाच्या मदतीशिवाय अंगात जात नसेल, तर माप चुकलंय. बदलून घ्या, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. 'गोदावरीत पुरात पोहलोय' हे उत्तर थंड समुद्रात चालत नाही, तिथे माणूस आधी गारठतो आणि मग बुडतो.

मूरिंगबद्दल (जहाज धक्क्याला दोरांनी बांधण्याबद्दल) थोडक्यात: ताणलेला दोर तुटला तर कुठे फटका मारेल याचा अंदाज बांधू नका, सगळा मूरिंग डेकच धोक्याचा समजा. आणि दोराच्या वेढ्यात पाय नको, एक सेकंदही.

झोप कागदावर

एमएलसीप्रमाणे (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. १० तासांचे फार तर दोन तुकडे पाडता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा. बंदरात हे कितीदा मोडतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मोडूनही रेकॉर्डमध्ये छान भरून सही करणं ही तुमची चूक. उद्या अपघात झाला तर 'माणूस पुरेसा झोपला होता' याचा पुरावा तुमच्याच सहीचा असेल. खरे तास स्वतःच्या वहीत लिहीत जा.

फराळाचा डबा

हसू नका. दुबईमार्गे जॉइनिंग असेल तर आईला सांगा, अनारसे नकोत, मसाल्यात खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, विमानतळावर अडकाल. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचं तसंच. डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या देशाची परवानगी नसेल तर घरीच ठेवा.

एजंट आणि कागद

नोकरी लावायचे पैसे मागणारा एजंट बेकायदा काम करतोय, रक्कम कितीही असो. भारताने २०१५ मध्ये एमएलसी मान्य केला. त्यानुसार वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि पासपोर्ट हा खर्च तुमचा, भरतीचा नाही. कंपनीचा आरपीएसएल परवाना (खलाशी भरतीचा परवाना) डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) यादीत स्वतः तपासा, एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. टुरिस्ट व्हिसावर पाठवून 'तिकडे गेल्यावर करार करू' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. कराराची एक प्रत आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर (आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घरी ठेवा. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, हा नंबर बदलत नाही.

दोन महिने पगार आला नाही आणि मालक फोन उचलत नाही, तर 'अजून थोडं थांबू' हीच चूक होते. एमएलसीत अशा जहाजाला सोडून दिलेलं जहाज मानतात. चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवण, पाणी आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेलं असतं. जॉइन झाल्या दिवशीच त्याचा फोटो काढून घरी पाठवा. विमा कंपनीचा फोन नंबर त्यावरच असतो.