पॅच नोट्स वाचून बिल्ड मोडताय? आधी या चुका टाळा

'पाथ ऑफ एक्झाइल' या ऑनलाइन गेमची नवी लीग, म्हणजे सगळ्यांनी नव्याने सुरुवात करायचा हंगाम, आपल्याकडे शुक्रवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते. गेममधल्या बदलांची यादी, म्हणजे पॅच नोट्स, त्याआधी काही दिवस येतात, आणि त्या आल्या की आमच्या ग्रुपवर शोकसभा भरते. कुणीतरी एका ओळीचा स्क्रीनशॉट टाकतो, त्यात ४० चे २० झालेले असतात. "संपलं आपलं बिल्ड." बिल्ड म्हणजे कॅरेक्टरसाठी निवडलेली कौशल्यं आणि सामान यांची जुळणी. बाकीचे पुढचं न वाचताच हळहळतात. मीही त्यांच्यातलाच. एकदा तर अशाच एका ओळीवरून चांगलं चाललेलं कॅरेक्टर सोडून दिलं आणि नव्या कॅरेक्टरसोबत गोष्टीच्या तिसऱ्या ॲक्टमध्ये (दहांपैकी तिसऱ्या भागात) रडत बसलो.

त्या ओळीत आकड्याच्या पुढे कोणता शब्द आहे, हेच मी पाहिलं नव्हतं. या गेममध्ये 'इन्क्रीज्ड' आणि 'मोअर' हे दोन वेगळे हिशेब आहेत. 'इन्क्रीज्ड' म्हणजे महागाई भत्ता. कितीही भत्ते असू द्या, सगळे मूळ पगारावर मोजायचे आणि मग त्यांची एकच बेरीज करायची. 'मोअर' मात्र तोवर जमलेल्या एकूण रकमेवर लागतो आणि पुढचा 'मोअर' त्याच्याही वर. समजा, मूळ डॅमेज (शत्रूला बसणारा मार) १०० आहे आणि पॅसिव्ह ट्री (कायमच्या फायद्यांचं झाड, त्यातला एकेक ठिपका म्हणजे नोड), गिअर (अंगावरचं सामान) वगैरे मिळून ४०० टक्के इन्क्रीज्ड आहे. झाले ५००. आता एका नोडचा आकडा ४० वरून २० वर आला, तर ५०० चे ४८० होतील. नुकसान ४ टक्के. आमच्या ग्रुपवर 'अर्धा नर्फ' (नर्फ म्हणजे ताकद कमी करणं) म्हणून फिरणारी बातमी बहुतेक वेळा एवढीच असते.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसतच नाही. सपोर्ट जेमचा (स्किलला जोडून तिची ताकद वाढवणाऱ्या खड्याचा) ४० टक्के मोअर ३५ झाला, तर वाटतं पाचच तर गेले! एका जेमपुरतं ते खरंच किरकोळ आहे, १.४० च्या जागी १.३५, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट. पण सहा-लिंकमध्ये, म्हणजे सहा जेम्स एकमेकांना जोडलेल्या वस्तूत, एक स्किल आणि पाच सपोर्ट असतात. पाचही जेम्सना अशीच कात्री लागली, तर गुणाकार करत गेल्यावर साधारण १७ टक्के डॅमेज जातं. जुलै २०२१ मध्ये ३.१५ चा पॅच आला, तेव्हा गेम बनवणाऱ्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने अनेक सपोर्ट जेम्सचे आकडे एकदम खाली आणले होते. एकेक ओळ वाचणाऱ्याला ती किरकोळ वाटली, खेळायला बसल्यावर घाम फुटला. म्हणून ओळी सुट्या वाचू नका. आपल्या बिल्डला लागू पडणाऱ्या सगळ्या एका कागदावर घ्या आणि गुणाकार करा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

डॅमेज कमी झालं म्हणून रडणारे पुष्कळ. पण पॅचनंतर माणूस वारंवार मरू लागतो, तेव्हा दोष बहुतेकदा रेझिस्टन्समध्ये, म्हणजे आग, थंडी, वीज यांचा मार अडवणाऱ्या टक्केवारीत असतो. कमाल मर्यादा साधारणपणे ७५ टक्के. ७५ चे ७० झाले तर "पाचच टक्के" म्हणू नका, कारण अंगावर येतो तो उरलेला भाग. आधी २५ येत होते, आता ३० येतात, म्हणजे मार २० टक्क्यांनी वाढला. पाचव्या आणि दहाव्या ॲक्टच्या शेवटी किटावा या बॉसला मारलं की रेझिस्टन्समध्ये प्रत्येकी ३० टक्क्यांची कपात होते. दहाव्या ॲक्टमध्ये नेमके ७५ घेऊन फिरणारा बाहेर पडतो ४५ घेऊन. गोष्ट संपल्यावरच्या पहिल्याच मॅपमध्ये दुपटीहून जास्त मार खातो आणि गेमला शिव्या देतो. ७५ च्या वर थोडा साठा ठेवावा, तो वाया जात नाही. रेझिस्टन्स खाली ओढणारा शाप लागला, की तो आधी त्या साठ्यातून कापला जातो.

आर्मरचं (चिलखताचं) प्रकरण याहून फसवं आहे. कॅरेक्टर शीटवर टक्केवारी छान दिसते, पण ती साधारण फटक्यापुरती असते. फिजिकल फटका किती अडतो हे काढायचं, तर आर्मरला आर्मर अधिक फटक्याच्या पाचपटीने भागायचं. १०,००० आर्मर असेल, तर १,००० चा फटका जवळपास ६७ टक्के अडतो, आणि ५,००० चा फटका जेमतेम २९ टक्के. म्हणजे किडामुंगीसमोर ढाल आणि बॉससमोर पापड. २०२१ च्या ३.१६ पर्यंत याच सूत्रात पाचच्या जागी दहा होते, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघून 'आर्मर कुचकामी' असं ठरवू नका. कुठलीही गाइड उघडली की आधी वर व्हर्जनचा आकडा बघायचा.

(आकडे लहान झाले म्हणजे आपण दुबळे झालो, हीही एक जुनीच भीती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या दुसऱ्या गेममध्ये २०१४ साली सगळ्यांचे आकडे आटवले होते. पण त्यात शत्रूंचेही आटले होते.)

'पाथ ऑफ बिल्डिंग' हा बिल्डचा हिशेब मांडणारा प्रोग्रॅम वापरत असाल, तर तो अपडेट केला आहे का, हे आधी बघा. मग कॉन्फिगरेशनच्या पानावर आपणच टिचक्या मारून ठेवल्या आहेत त्या उघडा. ताकद वाढवणारे सगळे फ्लास्क (औषधाच्या बाटल्या) चालू, सगळे चार्ज (तात्पुरती ताकद) पूर्ण, शत्रूवर शाप आणि समोर बॉस नाही. असा लाखोंचा डीपीएस (दर सेकंदाचं डॅमेज) लग्नाच्या बायोडेटासारखा असतो. गेममध्ये स्किलवर दिसणारा आकडा, म्हणजे टूलटिपही, शत्रूचा रेझिस्टन्स धरत नाही.

इतकं करूनही पॅचनंतर डॅमेज अचानक अर्ध्यावर आलं असेल, तर नर्फचा विचार शेवटी करा. इतकी मोठी घसरण बहुधा काहीतरी बंद पडल्यामुळे होते. आधी जेम आणि गिअरवर नजर टाका. कुठे लाल दिसतंय का? पॅसिव्ह ट्री बदलल्यावर स्ट्रेंग्थ किंवा इंटेलिजन्स दोन-चारने कमी पडलं, तरी तेवढ्याची अट असलेला जेम गप्प बसतो. मग ऑरा, म्हणजे कायम चालू ठेवायच्या स्किल्स, बघा. रिझर्वेशनचा (ऑरासाठी अडकवून ठेवायच्या मॅनाचा, म्हणजे स्किल्सच्या इंधनाचा) हिशेब बदलला की एखादी ऑरा चालू होत नाही आणि आपल्याला ते तासभर कळत नाही. या दोन्ही जागा ठीक असतील, तरच पॅच नोट्स पुन्हा उघडायच्या.

स्टँडर्डमध्ये, म्हणजे जुनी कॅरेक्टर्स कायम राहतात त्या भागात, जुनं कॅरेक्टर असेल, तर वस्तूवरचे आकडे पुन्हा नव्याने पाडणारा डिव्हाइन ऑर्ब जपून वापरा. पॅचमध्ये एखाद्या युनिक (खास ठरावीक गुण असलेल्या) वस्तूचे आकडे घटले, तरी पुष्कळदा जुन्या प्रतींवरचे आकडे तसेच राहतात, आणि अशा लेगसी वस्तूंना भाव असतो. अशा वस्तूवर 'जरा आणखी चांगला आकडा येईल' म्हणून डिव्हाइन मारला, की गेम नव्या नियमाने फासे टाकतो आणि जुना आकडा कायमचा जातो. माझ्या बेल्टचा गेला. परत येत नाही, मी विचारून पाहिलंय.