कानामागचं मशीन आणि नळीतला थेंब

नाशिकच्या पावसाळ्यात, आणि डिसेंबरातल्या गारठ्यातही, आमच्या अण्णांचं कानामागचं ऐकण्याचं मशीन (श्रवणयंत्र) मधेच बंद पडायचं. सेल बदलला तरी तेच. मग उजेडात धरून पाहिलं, तर पारदर्शक नळीत पाण्याचा एक थेंब अडकलेला! कानातली ऊबदार, दमट हवा गार नळीत शिरली की तिचं पाणी होतं आणि आवाजाची वाटच अडते.

अशा वेळी कानात बसणारा साचा नळीसकट मशीनच्या हुकापासून अलगद काढायचा आणि रबरी फुग्याच्या पंपाने नळीत हवा मारायची. हेअर ड्रायर नको, उष्णतेने मशीन बिघडतं. साचा कोमट साबणपाण्यात धुवा, पण मशीनला पाणी लावू नका. धुतलेला साचा रात्रभर वाळू द्या, सकाळी जोडा. झोपताना सेलचं दार उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

सेल झिंक-एअरचे असतील तर स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबूनच आत घाला. ते हवेवर चालतात. एकदा स्टिकर निघाला की सेल वापरा वा नका वापरू, तो उतरतच जातो. म्हणून आधीच सोलून ठेवू नका.

पहाटे गोदाघाटावर फिरायला जाताना अण्णा कानटोपी घालतात आणि मशीन शिट्टी मारतं. तो बिघाड नव्हे. टोपीवर आपटून आवाज परत माइकमध्ये जातो. टोपी जरा सैल करायची. टोपी नसतानाही शिट्टी येत असेल, तर साचा नीट बसलाय का ते बघा, नाहीतर कानातला मळ डॉक्टरांना दाखवा.