मेडिकल अभ्यासाचा फ्लेक्स करताय? आधी हे वाचा (सांगलीकडचा अनुभव)

मी सांगलीत डिझाइन आणि फ्लेक्स प्रिंटिंग करतो, म्हणजे रोजचं काम वाढदिवस, श्रद्धांजली नाहीतर दुकानाचं उद्घाटन. मागं एकदा एक डॉक्टर मॅडम आल्या, सर्पदंशावर अभ्यास चाललाय, गावातल्या लोकांनी माहिती आणि रक्ताचा नमुना द्यायला पुढं यावं म्हणून बोर्ड पाहिजे. मी म्हटलं संध्याकाळी घेऊन जा. फणा काढलेला भलामोठा नाग, मागं सगळं काळं, वर लाल अक्षरात 'सर्पदंश संशोधन प्रकल्प'. शिराळ्याकडच्या एका गावात लावला, श्रावण चालू होता, आठवड्यानं जाऊन बघतोय तर फण्यावर हळदकुंकू आणि खाली लाह्या. फोन मात्र एकबी नाही. त्यानंतर दोनदा नव्यानं केला तेव्हा कुठं जमलं, म्हणून लिहितोय, आजार कुठला का असेना.

पहिलं काम कॉम्प्युटरवर नाही, डॉक्टरसमोर बसून करायचं. दोनच प्रश्न, लोकांनी नेमकं काय करायचंय आणि आमच्याच गावात का? दुसऱ्या प्रश्नावर मॅडमनी जे सांगितलं ते आमच्या पहिल्या बोर्डावर कुठंच नव्हतं. आपल्याकडं सापाचं जे इंजेक्शन देतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिविषापासून करतात, आणि त्यासाठीचं बरंचसं विष येतं तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीकडनं. आता साप तोच असला तरी मुलखाप्रमाणं त्याचं विष बदलतं, त्यामुळं एकच इंजेक्शन सगळीकडं सारखं लागू पडेल असं नाही. ट्यूब पेटली! हेडिंग केलं, 'तमिळनाडूची घोणस आणि आपली घोणस, विष एकच आहे का?' बोर्डासमोर थांबलेला माणूस आता शेजारच्याला विचारायला लागला, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे असतंय.

फोटोचं सांगतो. नेटवर साप शोधला की निम्मे निघतात अमेरिकेतले खुळखुळ्या शेपटीवाले, आपल्याकडं ती जातच नाही. घोणस म्हणून बिनविषारी डुरक्या घोणस नाहीतर अजगराचं पिल्लू चिकटवलेलं पण बघितलंय मी. ओळखीच्या सर्पमित्राला दाखवल्याशिवाय प्रिंट मारू नका, गावातली पोरं पहिल्या मिनिटाला चूक काढतात आणि मग खालचं सगळंच खोटं वाटतं. सडलेल्या पायाचे फोटो तर नकोच, लोक मान फिरवून जातात, आणि पेशंटचा फोटो लेखी परवानगीशिवाय वापरायचा नसतोच. आम्ही शेवटी उसाच्या सरीत उभे दोन पाय, एका पायात बूट एक अनवाणी, आणि टॉर्चचा उजेड असं चित्र केलं. घोणस कोपऱ्यात, लहान, पण अंगावरचे साखळीसारखे ठिपके ओळखू येतील एवढी.

आकड्यांचं म्हणाल तर भारतात सापानं वर्षाला साधारण ५८ हजार माणसं मरतात असा २०२० सालच्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. पण ५८ हजार वाचून पारावर बसलेल्या आण्णांना काय कळणार, लाख आणि कोट रोज टीव्हीवर ऐकतोय माणूस. दिवसाला भागलं तर १५९ येतात, म्हणून तीन लाल एसट्या काढल्या, माणसांनी भरलेल्या, खाली 'भारतात रोज एवढी माणसं'. एसटीत बसलेलं माणूस आपल्यातलं वाटतं ना. मात्र 'भारतात' हा शब्द आकड्याएवढाच मोठा ठेवा. तो बारीक केला की आकडा सांगली जिल्ह्याचा वाटतो, आणि ती फसवणूक झाली.

'संशोधन' म्हटलं की लोकांच्या डोक्यात येतं आमच्यावर प्रयोग करणार. हा शब्द लपवू नका, त्याच्या लगेच खाली काय घेणार ते लिहा. रक्त ५ मिली, म्हणजे एक चमचा, तर चमचाच काढा चित्रात. आणि ठळक, 'नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.' आमच्याकडं या एका ओळीनं जेवढं काम केलं तेवढं चित्रानं पण नाही. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर बीपीची गोळी वापरून जे काम केलं ते जुन्या लोकांना सांगितलं तर पटतं की खेड्यातनं पण औषध सापडतं, पण ते बोलताना सांगायचं, बोर्डावर 'औषध सापडणार' असलं वचन लिहायचं नाही.

आता माझी खरी चूक. दुसऱ्या डिझाइनला जागा रिकामी दिसली म्हणून मी मनानंच पिवळा स्टार टाकून 'मोफत तपासणी!!' लिहिलं, पाच फ्लेक्स मारले, आणि एथिक्स कमिटीनं, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीनं, सगळे परत पाठवले. लोकांना अभ्यासात घ्यायचा कुठलाही बोर्ड आधी त्या कमिटीला दाखवावा लागतो आणि मंजुरीनंतर एक शब्द बदलला तरी परत दाखवायचा, मला कुठं माहीत होतं. खर्च माझ्या अंगावर. म्हणून आधी पीडीएफ, मंजुरी, मगच मशीन.

टेक्निकल थोडक्यात, युनिकोड फॉन्ट घ्या, मुक्ता किंवा बालू, फोटोशॉपात वर्ल्ड रेडी लेआउट ही सेटिंग चालू करा नाहीतर 'क्त' आणि 'र्प' तुटतात. मात्रा-उकार चिकटतात म्हणून ओळींत अंतर जास्त ठेवा. दहा फुटांवरनं वाचायचं तर अक्षर एक इंचाच्या खाली नको. आणि मान्यवरांचे फोटो लावू नका हो, अकरा फोटो दिसले की लोकांना वाढदिवसच वाटतो.

लावायचा कुठं, तर दूध डेअरीच्या रांगेसमोर. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन माणसं दहा मिनिटं उभीच असतात.

शेवटचं नंबराचं. साप चावल्यावर घाबरलेला माणूस बोर्डावरचा दिसेल तो नंबर लावतो, म्हणून '१०८' सगळ्यात मोठं आणि लाल, अभ्यासाचा नंबर खाली, वेगळ्या रंगात, 'फक्त माहितीसाठी' असं लिहून. आणि अभ्यास संपला की फ्लेक्स स्वतः उतरवून आणा. आमचा एक राहिला तो कुणीतरी गोठ्यावर टाकलाय, मॅडमना अजून रात्री-अपरात्री फोन येतात, आणि त्या दर वेळी आधी एवढंच विचारतात, १०८ ला लावलाय का?