परीक्षा तोंडावर आली आणि छातीत धडधडतंय? आधी कागद घ्या

परळच्या एका कॉलेजात मी अकाउंटन्सी शिकवते. सेमिस्टर संपत आली की मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात. "मॅडम, काहीच झालं नाहीये." मी त्यांच्या हातात कोरा कागद देते. प्रत्येक विषयाची युनिट्स लिहा आणि समोर खूण करा: येतं, अर्धवट येतं, उघडलंच नाही. बहुतेकांचं 'अर्धवट'च जास्त निघतं. सुरुवात तिथूनच करा, कमी वेळात जास्त मार्क हाती लागतात.

मग नोट्स बाजूला ठेवा. हायलायटर फिरवत चौथ्यांदा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि हॉलमध्ये पेन अडतं. त्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडून गेल्या वर्षीचा पेपर आणा, भागीदारीचं एक गणित घ्या, घड्याळ लावा, पुस्तक मिटून सोडवा. भांडवल खात्यावर अडलात, तर तेवढंच उघडून बघा आणि पुन्हा मिटा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने पाहिलं तर, आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. सुरुवातीला चुका होतील, जीव घाबरेल. होऊ दे, त्या घरी झालेल्या बऱ्या.

वेळापत्रक करताना लोकलचे तास अभ्यासात धरू नका. बदलापूरहून उभ्याने येणाऱ्या मुलीने गर्दीत पुस्तक उघडायचं आणि जमलं नाही म्हणून रात्री स्वतःला दोष द्यायचा, हे मला बघवत नाही. तो वेळ डोळे मिटायला ठेवा. घर दहा बाय बाराचं असेल, टीव्ही चालू असेल, तर कॉलेजची रीडिंग रूम किंवा जवळची अभ्यासिका गाठा. जागरणं टाळा. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं.

केटी लागली, म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागणार असेल, तर घरी त्याच दिवशी सांगा, आणि सांगताना पुढचं ठरवून जा: "आई, एका विषयात केटी लागलीय. फॉर्मची तारीख विचारून आलेय, रविवारपासून त्याच विषयाला बसतेय." किती केटी असताना पुढच्या वर्षात जाता येतं, हा नियम मित्रांच्या ग्रुपवर विचारू नका, कॉलेजच्या ऑफिसात विचारा. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन यांच्या अर्जाची मुदतही तिथेच कळेल.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे आठवडाभरात निवळलं नाही, तर एखाद्या शिक्षकाला किंवा कॉलेजच्या समुपदेशकाला गाठा. जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी मनात आलं, तर वाट बघू नका. 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मैत्रीण असं काही बोलली, तर तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका आणि फोन तुम्हीच लावून द्या.