पुठ्ठ्याचा घनवादी चेहरा

घनवाद म्हणजे एकच वस्तू एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणारी कलाशैली. ती शिकवताना सातवीच्या पोट्ट्यांकडून मी चेहराच करवून घेते. त्यासाठी नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात जाऊन महागडं कार्डशीट आणू नका. संत्र्याचं रिकामं खोकं मस्त चालते.

नाक बाजूनं दिसतं तसं कापा, डोळे मात्र समोरून दिसतात तसे. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, हीच तर गंमत! तुकड्यांना अर्ध्यापर्यंत चीर देऊन एकमेकांत अडकवा, फेविकॉल कमी लागतो. घडीच्या जागी आधी संपलेल्या रिफिलनं रेघ दाबून ओढा, मग पुठ्ठा सरळ मुडपतो.

घनवादी चित्रकार पिकासोनं १९१२ मध्ये पुठ्ठ्याची गिटार केली. तिचं भोक त्यानं आत न नेता नळीसारखं बाहेर काढलं. तुम्हीही एक डोळा तसाच काढा.

रंग राखाडी, मातकट. बस्स. चमकी लावाल तर मी खरवडायला लावते, बाप्पा!