घरकामाची वाटणी नव्याने कशी करावी

नवी मुंबईतील ऐरोली असो वा ठाण्यातील घोडबंदर रस्ता, पती-पत्नी दोघेही नोकरी करत असले तरी स्वयंपाकघर बहुधा तिच्याच वाट्याला येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर ते काम करणारे पुरुष ९७.

प्रथम आठवडाभराची सर्व कामे दोघांनी मिळून लिहून काढावीत. त्यांत गॅस सिलिंडर नोंदवणे, लसीची तारीख लक्षात ठेवणे, आईवडिलांची औषधे संपण्यापूर्वी आणणे ही न दिसणारी कामे अवश्य धरावीत, कारण खरा थकवा त्यांतच असतो. मग प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाकडेच सोपवावे. डबा पतीकडे असेल, तर भाजी ठरवणे, आणणे, निवडणे आणि डबे घासणे हेही त्यानेच करावे; पोळ्या वाकड्या झाल्या तरी पत्नीने त्या पुन्हा लाटू नयेत.

घरातील ज्येष्ठांची नाराजी मुलानेच बोलून दूर करावी. ते सुनेवर सोडणे मला अन्यायाचे वाटते. मुलगा व मुलगी यांच्यात केर, भांडी आणि दुकानातील खरेदी दर महिन्याला आलटून पालटून द्यावी.