आफ्रिकेतल्या उपयोगी झाडांची माहिती जमवायचीय? मग आधी अंबाडीचा घोळ निस्तरा

आमच्या खान्देशात कोणाला म्हटलं ना, की भो तू रोज आफ्रिकेतलं पीक खातो, तर तो येड्यात काढेल. पण ज्वारी मूळची तिकडचीच, बाजरी पण, चवळी पण, नागली तर इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. म्हणून म्हणतो, आफ्रिकेतल्या कामाच्या झाडांची माहिती एका जागी जमवायची असेल तर आपल्या घरात जे आहे तिथून सुरुवात करा, कारण त्यातली चूक पकडणारं माणूस शेजारीच बसलेलं असतं.

साधन साधंच घ्या, गूगल शीट पुरते. फक्त एका झाडाला एक ओळ असं करू नका, मी केलं आणि सहा महिन्यांनी सगळं परत करावं लागलं. दोन शीट ठेवा. पहिल्यात झाड, त्याला एक नंबर, वैज्ञानिक नाव (हे रोमन लिपीतच टाका, नाहीतर पुढे शोधता येत नाही) आणि फोटो. दुसऱ्यात एका ओळीत फक्त एकच माहिती: झाडाचा नंबर, कोणता भाग, कशासाठी वापरतात, कुठे, कोणी सांगितलं, कधी. "कोणता भाग" हा कॉलम कधीच रिकामा सोडायचा नाही. एरंडाचंच बघा, तेल पोटासाठी घेतात पण बीमध्ये रिसिन नावाचं जहर असतं, तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं, आणि तुम्ही नुसतं "एरंड, पोटासाठी चांगला" लिहून मोकळे झालात तर कोणीतरी बी खाईल. औषधाचं प्रमाण तर लिहूच नका.

आता नावांचं. खरी डोकेदुखी इथेच आहे. खुरासणी म्हटलं की आपल्याकडे कारळे, ज्याची चटणी करतो, तिकडे इथिओपियात त्याला नूग म्हणतात आणि त्याचं तेल खातात. पण वर मांडूला गेलात तर "खुरासानी इमली" म्हणून विकतात ते बाओबाबचं फळ, आपली गोरखचिंच. दोन्ही झाडं आफ्रिकेतली, आणि खुरासान आहे इराणकडे! मी नुसत्या नावावरून दोन्हींची माहिती एकाच नंबरखाली घातली होती, म्हणजे माझ्या शीटमध्ये भल्यामोठ्या बाओबाबच्या बियांची चटणी होत होती. म्हणून प्रत्येक नावापुढे भाषा आणि गाव लिहा. बाओबाबला स्वाहिलीत म्बुयू म्हणतात, हौसा भाषेत कुका, आणि नायजेरियात त्याच्या पानांची पावडर घालून रस्सा करतात.

वैज्ञानिक नाव टाकलं म्हणजे सुटलो असंही नाही, ती पण बदलतात. बाभूळ जुन्या पुस्तकात अकेशिया निलोटिका, आता वाचेलिया निलोटिका. लंडनच्या क्यू वनस्पती बागेची प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाईन ही साईट आहे, तिथे आजचं नाव बघा आणि जुनं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, खोडू नका. आफ्रिकेतल्या वापरासाठी नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनहून चाललेल्या प्रोटा या आफ्रिकी झाडांच्या माहिती-प्रकल्पाच्या नोंदी चांगल्या आहेत, पण मजकूर जसाच्या तसा उचलू नका, आपल्या शब्दात लिहा.

अंबाडीनं मला जास्त शिकवलं. चोपड्याकडच्या एका आजीला विचारलं तर बांधावरची दोन झाडं दाखवून म्हणे, "हाई भाजीनी शे, ती दोरनी." मला दोन्ही सारखीच दिसली. फूल दोन्हीचं पिवळसर, मधे गडद. पण फूल गळाल्यावर बघा, भाजीच्या अंबाडीची बोंडावरची पाकळ्यांसारखी टरफलं लाल होऊन फुगतात, मांसल होतात, सुदानमध्ये तीच वाळवून करकडे नावाचं सरबत करतात आणि सेनेगलमध्ये बिसाप. दुसरीची टरफलं पातळ, खरखरीत केसांची, तिची ताटं पाण्यात कुजवून वाख काढायचा. म्हणून फोटो एक नाही, चार काढा: पान, फूल, फळ आणि खोड, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.

माहिती देणाऱ्याला आधी विचारा, नाव टाकू का, सगळ्यांना पाठवू का. हूडियाचं माहितीय ना? कलहारीतले सान लोक भूक मारायला ते झाड चघळायचे, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेनं त्यांना न विचारता पेटंट घेतलं, त्यांच्या वाट्याचा करार झाला 2003 मध्ये. दुर्मिळ झाडाचं नेमकं लोकेशन तर अजिबात देऊ नका, तालुका पुरे.

वाटताना शीटची लिंक द्याच, पण सातपुड्यात रेंज कुठे असते, म्हणून हलकी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दहा-बारा पानांची झेरॉक्स पण. वर सीसी बाय-एसए असं लायसन्स लिहा, म्हणजे कोणी वापरलं तर तुमचा उल्लेख करून परत खुलंच ठेवावं लागतं. फाईलच्या नावात तारीख टाका, "फायनल", "फायनल नवीन" नको. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी ज्यानं सांगितलं त्याला दाखवा. मी आधी ग्रुपवर टाकली, मग आजीकडे झेरॉक्स नेली, नातवानं वाचून दाखवली, तिनं पान जवळ धरलं आणि हसायलाच लागली. दोरच्या अंबाडीखाली फोटो भाजीच्या अंबाडीचा लागला होता.